बाईंचं दुसरं वर्ष

पडवीत परिपाठ चालू आहे आणि कौलांवर पावसाचा असा मारा आहे, की मुलांना प्रतिज्ञा ओरडून म्हणावी लागतेय. ओरडायला अधिकृत परवानगी मिळाल्यामुळे सगळी खुशीत आहेत. चौथीतली एक मुलगी पंचांग सांगायला पुढे येते, तिथीपाशी अडते, मागून कुणीतरी 'दशमी, दशमी' म्हणतं, आणि ती तेच मोठ्यानं सांगून मोकळी होते. बाई रांगेच्या शेवटी, पहिलीतल्या पिल्लावळीच्या मागे उभ्या आहेत. त्या हळूच भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघतात. एकादशी आहे. पण त्या काही बोलत नाहीत. परिपाठ संपतो, मुलं आत जायला लागतात, तेव्हा त्या मुलीला नुसतं बोटानं कॅलेंडर दाखवतात. ती जीभ चावते. मागच्या वर्षी हीच चूक बाईंनी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर दुरुस्त केली असती. तेव्हा मी इथे एक दिवस येऊन बसले होते, म्हणून सांगते.

ही रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी. चिऱ्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी, मागे पोषण आहाराची शेड. पहिली ते चौथी, पट 19, शिक्षक दोन. गुरुजी इथे बरीच वर्षं आहेत, मुख्याध्यापकही तेच. बाई परभणी जिल्ह्यातल्या. 2024 मध्ये पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि यादीत रत्नागिरी आलं, तोवर त्यांनी समुद्र फक्त पुस्तकात पाहिला होता. (या वाडीतूनही तो दिसत नाहीच.) कायम व्हायला आणखी वेळ आहे. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं काढायची, महिना 16,000 मानधनावर. त्यातून खोलीचं भाडं, गावी पाठवायचे पैसे आणि वर्षातून दोनदा परभणीची फेरी.

आज गुरुजी नाहीत. देवरुखला पंचायत समितीत गेलेत. दोन मुलांच्या आधारची नावं शाळेच्या नोंदीशी जुळत नाहीत, आणि आधार जुळलं नाही तर शिक्षकसंख्या ठरवणाऱ्या संचमान्यतेत ते मूल धरलं जात नाही. 19 चा पट कागदावर 17 झाला तर या शाळेला परवडणारं नाही. तेव्हा सकाळच्या पहिल्या गाडीनं गुरुजी फायली घेऊन गेले आणि चारही वर्ग बाईंच्या पदरात पडलेत.

असाच एक दिवस मी मागच्या वर्षी पाहिला होता. फळ्याचे खडूनं चार भाग केलेले, प्रत्येकात वेगळा अभ्यास लिहिलेला, आणि बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतायत. घसा बसलेला. प्रश्न विचारायच्या आणि मुलानं तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकायच्या. टेबलावर टाचण वही उघडी, पाच-पाच मिनिटांचे रकाने आखलेले, दर थोड्या वेळानं त्या वहीकडे नजर. दुपारी मला म्हणाल्या होत्या, "डीएलएडला आमचे सराव पाठ फार चांगले झाले होते हो." खरंच झाले असणार. अध्यापक विद्यालयात हर्बार्टची पंचपदी शिकवतात: पूर्वतयारी, विषय-प्रतिपादन, पुढे उपयोजनापर्यंत, तक्त्यासकट आणि रंगीत खडूंसकट. समोर एकच वर्ग आणि मागे पाठ निरीक्षणाला बसलेले प्राध्यापक. चार वर्ग एका खोलीत असले की ही पाच पदं कुठल्या क्रमानं टाकायची, ते मात्र कुणी शिकवत नाही. महाराष्ट्रात दोनशिक्षकी शाळा डोंगरात, वाड्या-पाड्यांवर सगळीकडे आहेत, तरी बहुवर्ग अध्यापन हे आपल्या प्रशिक्षणात अजून तळटीप असल्यासारखंच राहिलंय. हे माझं मत. गुरुजी म्हणतात, "ते शिकवून येत नाही."

आज बाई दुसऱ्या खोलीला कडी घालतात, तिथे कोपऱ्यात गळतंय. सगळे एका खोलीत. फळा कोरा आहे. चौथीतली चौघं आणि पहिलीतली चौघं जोडीजोडीनं भिंतीला पाठ लावून बसलीत. मांडीवर गोष्टीची पुस्तकं. मोठं वाचतंय, लहान चित्रावर बोट ठेवतंय. एका जोडीत लहानगीच मोठ्याला पान उलटू देत नाही. दुसरीला नारळाच्या हिरांचा ढीग दिलाय, बोटभर लांबीच्या काड्या. दहा मोजायच्या, रबर लावायचा. तिसरी बाईंच्या भोवती जमिनीवर, पाट्या घेऊन. हे सगळं लावायला बाईंना मोठ्यानं बोलावं लागलेलं नाही. मुलांना जागा ठाऊक आहेत. दोन गैरहजर आहेत, त्यातल्या एकाच्या जोडीदाराला बाई नुसत्या मानेनं पलीकडे सरकवतात.

"बावन्न वजा सत्तावीस," बाई तिसरीला सांगतात आणि गप्प बसतात.

मी मुद्दाम त्यांच्या हाताकडे बघते. मागच्या वर्षी हा हात सारखा खडूकडे जायचा. आज तो मांडीवर आहे. पाट्यांवर पेन्सिली घासल्या जातायत. एक मुलगा वर्गात आल्यापासून निळा रेनकोट काढायला तयार नाही, नवा असावा. तो सगळ्यांत आधी पाटी वर करतो: 35. शेजारणीची पाटी: 35. आणखी एक 35. एका मुलीचं 25 आलंय, पण बाकीच्यांची पाटी बघून ती ते पुसायला निघालीय.

"बाई, ती पाटी पुसायलीय!" कुणीतरी तक्रार करतं.

मला हसू येतं. हे 'पुसायलीय' इथलं नाही, परभणीहून आलेलं आहे. मागच्या वर्षी बाईंच्या तोंडून 'काय करायलास रे' निघालं की वर्गात खसखस पिकायची आणि बाई लाजून पुस्तकातलं मराठी बोलायला लागायच्या. आता मुलंच तसं बोलतात, आणि बाईंच्या बोलण्यात 'बापूस' न् 'आऊस' आलेत.

"पुसू नको. असू दे," बाई म्हणतात. 25 बरोबर आहे असं त्या सांगत नाहीत, 35 चूक आहे असंही नाही. त्या निळ्या रेनकोटला विचारतात, "तू कसं केलंस ते सांग बरं."

तो ऐटीत सांगतो. पाचातून दोन गेले तीन. सातातून दोन गेले पाच. पस्तीस.

म्हणजे वर काय आणि खाली काय ते त्यानं बघितलेलंच नाही. मोठ्यातून लहान वजा केलाय, एकक स्थानी सुद्धा. हातच्याच्या वजाबाकीत जगभरची मुलं हेच करतात. त्यात आळस नाही, उलट एक नियम आहे, आणि मुलानं तो इमानदारीनं पाळलाय. पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला पाटीवर चूक दिसते; हा नियम दिसायला तीच चूक पुष्कळ पाट्यांवर बघावी लागते.

"बरं," बाई म्हणतात. "बावन्न चॉकलेटं होती. सत्तावीस वाटली. पस्तीस उरली. आता वाटलेली परत आणा न् उरलेल्यांत घाला. किती झाली?"

बोटं, पाट्या, पुटपुटणं. पुसायला निघालेली मुलगी म्हणते, "बासष्ट."

"मग वरची दहा आली कुठून?"

शांतता. खिडकीतून पावसाचे तुषार येतायत. बाई थांबल्या आहेत. मलाच राहवत नाहीये, माझ्या ओठांवर उत्तर आलंय. पलीकडे पहिलीतल्या कुणाचं तरी पुस्तकावरून भांडण सुरू झालंय. बाई मान न वळवता त्या दिशेला फक्त हात वर करतात, भांडण विझतं. निळा रेनकोट विचार करकरून शेवटी म्हणतो, "दुकानदारानं जास्तीची दिली असतील."

सगळे हसतात, बाई सगळ्यांत जास्त. "असा दुकानदार संगमेश्वरात असेल तर मलाही सांगा." आणि मग त्या दुसरीकडे वळून म्हणतात, "तुमचं दुकान मांडा रे इकडे."

दुसरीची मुलं आपले गठ्ठे घेऊन मोठ्या रुबाबात येतात. पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या जमिनीवर मांडल्या जातात. निळ्या रेनकोटला बाई म्हणतात, "मला सत्तावीस दे." तो दोन गठ्ठे देतो. मग सुट्ट्या दोन काड्या देतो. मग थांबतो. जमिनीवर तीन गठ्ठे उरलेत आणि बाईंचा हात पुढे आहे.

"अजून पाच."

तो गठ्ठ्यांकडे बघतो, बाईंकडे बघतो. एक गठ्ठा उचलतो आणि रबर काढत विचारतो, "सोडू?"

"तुझा गठ्ठा, तू ठरव."

रबर सुटून टणकन कुणाच्या तरी गालाला लागतो. काड्या पसरतात. पाच बाईंना, पाच उरल्या. दोन गठ्ठे, पाच काड्या. तो मोजत नाही, नुसतं बघतो आणि स्वतःच पाटी पुसतो. मागच्या वर्षी बाईंनी हेच गणित फळ्यावर करून दाखवलं होतं: शेजारून उसना घ्यायचा, वर छोटा एक लिहायचा, पाच खोडून चार करायचे. सगळ्यांच्या वह्यांत ते बरोबर उतरलं होतं आणि पुढच्या आठवड्यात चाचणीत पुन्हा 35 च्या रांगा लागल्या होत्या. तेव्हा त्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बाई रडवेल्या झाल्या होत्या, असं गुरुजींनीच मला सांगितलं.

दुसरीतल्या एकानं दरम्यान पाटीवर 72 लिहिलंय. त्याला लिहायचे होते सत्तावीस. तोंडानं सात आधी, वीस नंतर. हातानंही तसंच लिहिलं. याच अडचणीसाठी 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' अशी वाचनाची रीत रूढ रीतीच्या जोडीला दिली गेली, तेव्हा केवढं रान उठलं होतं. थेट विधानसभेत थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या, पण वाहिन्यांना समजून घ्यायचंच नव्हतं. बाईंनी त्या वादाबद्दल मत बनवलेलं नाही. त्या मुलाच्या हातात दोन गठ्ठे आणि सात काड्या देतात, "वीस न् सात. म्हण," म्हणतात, तो म्हणतो, मग "सत्तावीस," म्हणतो आणि आकडे उलटवतो. पाव मिनिटात त्या परत तिसरीकडे.

मागच्या शेडमधून स्वयंपाकाच्या ताई हाक मारतात. आज मसूर पुलाव आहे. सतरा मुलं, पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे एक किलो सातशे मोजून काढलाय. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायचं, असा दंडक आहे. बाई चमचाभर घेतात, "मीठ?" म्हणतात. ताई म्हणतात, "बरोबर हाय, तुमाला तिकडची सवय." बाई नोंदवहीत 'चव चांगली' लिहितात आणि ताई पाठ फिरवतात तेव्हा माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात.

जेवणं उरकतायत, मुलं पागोळ्यांखाली ताटल्या धरून धुतायत, तेवढ्यात मोटारसायकल येते. केंद्रप्रमुख. डोक्यापासून भिजलेले. मुलं 'नमस्ते सर' म्हणून उठतात. मी बाईंचा चेहरा बघते. रंग जरा उडालाय, नाही म्हणायला. त्या टॉवेल आणून देतात, चहा सांगतात, गुरुजी का नाहीत ते एका वाक्यात सांगतात. हजेरीची ऑनलाइन नोंद? झाली, देवळाजवळ रेंज असते, तिथे जाऊन केली. टाचण? ही वही. केंद्रप्रमुख पानं चाळतात. मागच्या वर्षीसारखे पाच मिनिटांचे रकाने नाहीत. अर्धं पान, खाली लाल शाईत शेरे. 'काल हे झालं नाही.' 'उद्या पुन्हा.' त्यांची भुवई किंचित वर जाते. टाचणात सहसा सगळं ठरल्याप्रमाणे झालेलं असतं.

मग ते तिसरीच्या एका मुलीला उभं करतात. वाईट माणूस नाहीत, घाईत आहेत. आज त्यांना अजून दोन शाळा करायच्यात आणि घाटातला रस्ता कसा असेल देव जाणे. "सत्तर वजा अडतीस. पटकन."

मुलगी बाईंकडे बघते. बाई तिच्याकडे बघत नाहीत, खिडकीबाहेर बघतात. मुलगी खाली बसते आणि सात गठ्ठे ओढते. एक सोडते. केंद्रप्रमुख घड्याळ बघतात. खोलीत काड्यांचा आवाज. "बत्तीस."

"बरोबर," ते म्हणतात. "पण मॅडम, काड्या किती दिवस? निपुणच्या चाचणीत काड्या कुठून आणणार?"

"सुटतील सर. दिवाळीपर्यंत तोंडी करतील."

आवाज स्थिर आहे. केंद्रप्रमुख मान हलवतात, भेटीच्या नोंदवहीत दोन ओळी लिहितात, चहा उभ्यानंच पितात. मोटारसायकल वळणाआड गेल्यावर बाई खुर्चीत बसतात आणि मला हळूच म्हणतात, "दिवाळी मी आपली अशीच म्हणाले. तोंडात आलं ते." दोघी हसतो. पण मला वाटतं, तोंडात आलं हेच महत्त्वाचं. मागच्या वर्षी 'हो सर, बघते सर' एवढंच यायचं, आणि दुसऱ्या दिवशी काड्या कपाटात गेल्या असत्या.

सगळंच जमलंय असं नाही. पहिलीत एक मुलगी आहे, जूनमध्ये शाळा उघडल्यापासून इथे एक शब्द बोललेली नाही. घरी बोलते, भावाशी भांडते, शाळेच्या पायरीवर आली की तोंड बंद. बाईंनी गोष्टी सांगून पाहिल्या, बाहुली आणली, घरी जाऊन आल्या. आज तिच्या जोडीदार चौथीवाल्यानं वाचताना मुद्दाम चूक केली तेव्हा तिनं पुस्तकावर चापट मारली, एवढीच प्रगती. "मला अजून नाही कळलं हिचं," बाई म्हणतात. मागच्या वर्षी त्या असं कुणाला सांगत नसत. मला तर नाहीच.

साडेतीनच्या सुमारास पडवीत एक आजी येऊन बसतात. पायांत प्लास्टिकच्या चपला, छत्री दाराशी उलटी टेकवलेली. निळ्या रेनकोटची आजी. गणपती आठवड्यावर आलेत.

"त्येचा बापूस येनार हाय गनपतीला," आजी सांगतात. "जाताना न्हेतो बोलतोय पोराला. नालासोपाऱ्याला खोली घेतलीय त्यांनी."

बाई त्यांच्याशेजारी पायरीवर बसतात. या भागात हे नवं नाही. आई-बाप मुंबईकडे, पोरं आजी-आजोबांकडे, आणि खोली मिळाली की पोरं तिकडे. दर गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्या गच्च भरून येतात आणि जाताना शाळेचा एखादा आकडा घेऊन जातात. 19 चे 18.

"तिकडं शाळा बघितलीय का?"

"बघली असंल. मना काय सांगतायत."

"आजी, गेल्याबरोबर घाला म्हणावं. मराठी शाळेत की इंग्रजी?"

आजींना माहीत नाही. त्या जरा थांबून म्हणतात, "बाई, तुमी बोला ना त्येच्याशी. तुमचा ऐकंल."

मला वाटतं बाई आता मुलाला इथेच ठेवायचा आग्रह धरतील. पट, आधार, गुरुजींच्या फायली, सगळं डोक्यात असणारच. त्या म्हणतात, "आईबापाजवळ राहणार असेल तर मी कशी अडवू? फोन करीन, पण शाळेबद्दल. नेऊ नका, असं नाही सांगणार." आजी मान डोलवतात. त्यांना हवं होतं ते उत्तर हे नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसतंय. नातू गेला की घरात त्या एकट्या.

सव्वाचारला गुरुजी परततात, एका आधारचं काम झालंय, दुसऱ्याचं जन्मदाखल्यावर अडलंय. मुलं शेवटच्या तासाला पडवीत कवायत करतायत, म्हणजे जागच्या जागी उड्या मारतायत. बाई टेबलाशी बसून वहीच्या कागदावर काहीतरी लिहितायत. गुरुजी ओले पाय पुसत डोकावून बघतात, मग मोठ्यानं वाचतात: "'पाढे बारापर्यंत पक्के. वाचन चांगले, पण घाईत शब्द गिळतो. हातच्याची वजाबाकी काड्यांनी बरोबर करतो, तोंडी करायला लावल्यास मोठ्यातून लहान वजा करतो. कसे केलेस असे विचारावे, सांगतो. रेनकोट काढायला लावू नये.' हे काय आहे?"

"दाखल्याला जोडायचंय. तिथल्या बाईंसाठी."

"दाखल्याबरोबर असं काही जात नाही. नमुनाच नाही तसा."

"नसू दे."

गुरुजी कागद पुन्हा एकदा, आता मनात, वाचतात. 'घाईत'चं ऱ्हस्व-दीर्घ तपासल्यासारखं करतात. परत देतात. "खाली पदनाम तरी घाला. नाहीतर कोण वाचणार."

बाई सही करतात आणि खाली लिहितात: वर्गशिक्षिका, तिसरी.

"शिक्षण सेवक लिहायचं असतं," गुरुजी म्हणतात.

"ते मानधनाच्या बिलावर," बाई म्हणतात, आणि स्टेपलर कुठे ठेवलाय ते विचारतात.